बिऱ्हाडांतील बंदूक

ज्या सुशिक्षित घरांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा भाचा अमेरिकेंत नाहीं, असें घर आज पुण्यामुंबईकडे शोधूनच काढावें लागेल. तिकडील घरभाडें, बर्फ, नोकरीची शाश्वती, व्हिसाची रखडपट्टी यांविषयीं आपल्याकडे जेवणें आटोपल्यावर तासचे तास बोलणें चालतें. एक विषय मात्र असा आहे कीं, तो मुलें फोनवर आपण होऊन काढीत नाहींत आणि वडील माणसांस विचारण्याचें सुचत नाहीं. शेजारच्या इमारतींत चोरी झाली, सून रात्रपाळीवरून उशिरां परत येते, पोलिसांस फोन केल्यापासून ते दारांत उभे राहीपर्यंत किती वेळ जाईल याचा भरंवसा नाहीं. अशा स्थितींत घरांत बंदूक ठेवावी कीं काय, आणि ठेवावयाची तर कोणती, हा तो विषय होय.

अमेरिकेंत हा प्रश्न उघडपणें विचारला जातो. तेथील राज्यघटनेस १७९१ सालीं जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तींत शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगितलेला आहे. परंतु तो हक्क एकेकट्या गृहस्थाचा कीं नागरिकांच्या पथकाचा, याविषयीं फार दिवस वाद चालला होता. २००८ सालीं ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांचास चार मतांनीं निकाल दिला कीं, आत्मरक्षणासाठीं स्वतःच्या घरांत शस्त्र ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे. वॉशिंग्टन शहराच्या ज्या नियमांवर हा खटला झाला त्यांत पिस्तुलास जवळजवळ बंदीच होती, आणि लांब नळीची बंदूकहि घरांत ठेवावयाची तर काडतुसें काढून, सुटी करून किंवा चापास कुलूप घालूनच ठेवावी लागे. २०१० सालीं शिकागो शहराविरुद्धच्या खटल्यांत हाच निर्णय राज्यांना व शहरांनाहि लागू झाला. तात्पर्य, तिकडील नागरिकास हा हक्क आहे. हक्क असलेली गोष्ट शहाणपणाची कोठवर, हा भाग वेगळा.

या कामीं पिस्तूल, रायफल आणि छऱ्यांची बंदूक अशा तीन जाती पुढें येतात. छऱ्यांच्या बंदुकीस तिकडे शॉटगन म्हणतात; आपल्याकडील जुनीं शिकारी मंडळी तिला ‘बारा बोअर’ म्हणून ओळखतात. नवख्या गिऱ्हाइकाच्या हातीं दुकानदार पुष्कळदां हीच देतो, कारण किंमत माफक, रचना साधी, आणि खोलीएवढ्या अंतरावर हिचा मारा जबर. २०१३ च्या फेब्रुवारींत त्या वेळचे उपाध्यक्ष जो बायडेन यांनींहि जाहीरपणें हाच सल्ला दिला होता: दुनळी घ्यावी, आणि कांहीं गडबड वाटली तर सज्जांत जाऊन दोन बार काढावे, असें आपण पत्नीस सांगून ठेवलें आहे. असे वाटेल तेथें बार काढणें हाच पुष्कळ ठिकाणीं गुन्हा आहे, असें जाणत्यांनीं लगेच दाखवून दिलें. शिवाय दुनळींत काडतुसें दोनच, तेव्हां चोर आंत येईतों बंदूक रिकामी! परंतु आमच्या मतें त्या सल्ल्यांतील खरें व्यंग निराळेंच आहे. बायडेन यांचें घर स्वतंत्र, भोंवतीं झाडी आणि शेजार दूर; हें त्यांनीं स्वतःच सांगितलें होतें. ज्याच्या सज्ज्यासमोर तीस फुटांवर दुसऱ्याचा सज्जा आहे आणि त्याच्या मागच्या खोलींत दुसऱ्याचें मूल निजलें आहे, त्यानें काय करावें? बंदूक घर पाहून निवडावी लागते. बिऱ्हाडांत राहणाऱ्यानें तर आधीं भिंत पाहावी, मग बंदूक.

अमेरिकेंतील बहुतेक भाड्याच्या बिऱ्हाडांत आंतली भिंत विटांची किंवा काँक्रीटची नसते. सोळा सोळा इंचांवर उभ्या केलेल्या लांकडी पट्ट्या. त्यांच्या दोहों अंगांस अर्ध्या अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता, म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्यें धरलेला खडूसारख्या मऊ खनिजाचा थर. आणि मध्यें साडेतीन इंचांची पोकळी. याला ते ड्रायवॉल म्हणतात. दोन बिऱ्हाडांमधील भिंत याहून जाड असते. तिचे तक्ते बहुधा पांच अष्टमांश इंचाचे, कधीं दुहेरी, आणि पोकळींत आवाज अडविण्यासाठीं काचतंतूंचा कापूस भरलेला. पण ती जाडी आगीच्या हिशेबानें ठरलेली असते. एका बिऱ्हाडांत आग लागली असतां ती तासभर तरी दुसऱ्यांत शिरूं नये, एवढेंच बांधकामाचे नियम पाहतात. गोळीचा विचार त्यांत कोणीं केलेला नसतो. आम्हांस एकदां न्यू जर्सींत आप्तांकडे दोन महिने राहण्याचा योग आला होता. तसबीर टांगावयाची झाली तर यजमान आधीं बोटाच्या पेरानें भिंत ठकठक वाजवून आंत लांकूड कोठें आहे याचा अदमास घेत. लांकूड सोडून खिळा मारला कीं तो तसबिरीसकट खालीं येई. पलीकडच्या गृहस्थांच्या घड्याळाचा गजर रोज पहाटे आम्हांसच उठवी. जी भिंत तसबीर पेलत नाहीं ती शिशाचे गोळे काय अडविणार?

आतां बंदुकीकडे वळूं. हिचें माप मोठें गमतीचें आहे. नळींत बरोबर बसेल असा शिशाचा गोळा घ्यावा. तसे बारा गोळे मिळून एक पौंड वजन भरलें तर ती नळी बारा बोअरची, वीस गोळे लागले तर वीस बोअरची. म्हणून आंकडा वाढतो तसतशी नळी अरुंद होते. बाराच्या नळीचा व्यास सुमारें ०.७३ इंच, तर विसाच्या नळीचा ०.६१५ इंच. ‘चारशें दहा’ नांवाची जी सर्वांत बारीक बंदूक मिळते तिचें माप मात्र सरळ इंचांतलें, म्हणजे ०.४१० इंच, असतें.

बंदुकीहून काडतुसाला महत्त्व अधिक, कारण भिंतीशीं आणि शेजाऱ्याशीं गांठ पडते ती त्याची. काडतुसें तीन प्रकारचीं. पक्ष्यांसाठीं मोहरीएवढे बारीक छरे. साडेसात नंबरचा छरा ०.०९५ इंचाचा असतो आणि एका औंसांत असे साडेतीनशें मावतात. हरणांसाठीं मोठे छरे, ज्यांस बकशॉट म्हणतात. त्यांतील ‘डबल ऑट’ जातीचा एकेक छरा ०.३३ इंचाचा, आणि बाराच्या नेहमींच्या काडतुसांत असे आठ किंवा नऊ. आणि तिसरा प्रकार स्लग, म्हणजे सबंध नळीच्या मापाची एकच गोळी. स्लग बिऱ्हाडाच्या उंबऱ्याच्या आंत आणूं नये. ती किती भिंती ओलांडील याची गणती करण्यांत अर्थ नाहीं.

उरले दोन. नवखा मनुष्य, विशेषतः आपल्यासारखा भिडस्त व पापभीरु, म्हणतो कीं बारीक छरेच बरे, शेजाऱ्यास इजा व्हावयाची नाहीं. हें ऐकावयास गोड लागतें. परंतु १९८६ सालीं मायामी येथें दरोडेखोरांशीं झालेल्या चकमकींत एफ.बी.आय. या तपासखात्याचे दोन अधिकारी पडल्यावर त्या खात्यानें एक कसोटी ठरविली. माणसाच्या देहासारख्या घट्ट केलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळी निदान बारा इंच गेली पाहिजे आणि अठरा इंचांपलीकडे जाऊं नये. बाराहून कमी गेली तर जाड कोट घातलेल्या किंवा आडव्या उभ्या असलेल्या हल्लेखोरास ती थांबवील असा भरंवसा नाहीं. मोहरीसारखे छरे या ठोकळ्यांत बहुधा पांचसहा इंचांवरच संपतात. म्हणजे जखम भयंकर दिसेल, मनुष्य कदाचित् जन्माचा अधूहि होईल, पण त्या क्षणीं तो थांबेलच असें नाहीं. आणि गंमत अशी कीं, इतके बारीक छरेहि खोलीच्या अंतरावरून मारले तर एकवट गोळ्यासारखे जाऊन ड्रायवॉलचे दोन्ही तक्ते फोडून पलीकडे निघूं शकतात.

येथेंच सगळी मेख आहे. जें काडतूस बारा इंच देह भेदतें त्याला अर्ध्या अर्ध्या इंचाचे दोन तक्ते म्हणजे कांहींच नाहीं. चोर थांबवील पण भिंत ओलांडणार नाहीं असें काडतूस मिळत नाहीं; तसें आहे म्हणून जो दुकानदार सांगतो त्याचें दुकान सोडून दुसरें गांठावें. ‘डबल ऑट’ एकामागून एक अशा अनेक आंतल्या भिंती ओलांडतो. त्याहून लहान बकशॉट, म्हणजे बाराच्या काडतुसांतील चार नंबरचा ०.२४ इंचाचा छरा (एका काडतुसांत बहुधा २७) किंवा विसाच्या काडतुसांतील तीन नंबरचा पाव इंचाचा छरा (बहुधा २०), देहांत कसोटीच्या खालच्या मर्यादेच्या आसपास पोंचतो आणि भिंतीमागून भिंत ओलांडतांना लवकर थकतो. थकतो म्हणजे निरुपद्रवी होतो असें नव्हे. पहिल्या भिंतीपलीकडील माणसाला तोहि पुरेसा आहे. परंतु दोन वाइटांतून एक घ्यावयाचें तर बिऱ्हाडांत आम्हीं हें घेऊं.

आणखी एक भ्रम येथेंच निस्तरलेला बरा. सिनेमा पाहून पुष्कळांची समजूत झालेली असते कीं, छऱ्यांच्या बंदुकीस नेम लागत नाहीं; अंधारांत तोंड तिकडे करून बार काढला कीं छरे खोलीभर पसरतात. वास्तविक ठोकळ हिशेब असा आहे कीं, एका यार्डास सुमारें एक इंच पसारा. बिऱ्हाडांतील लांबांत लांब अंतर, म्हणजे निजण्याच्या खोलीच्या टोकापासून दारापर्यंत, आठदहा यार्डांवर जात नाहीं. नेहमींचें अंतर चारपांच यार्डांचें. तेवढ्यांत छऱ्यांचा घोळका फार तर तळहाताएवढा होतो. नेम चुकला तर सारे छरे भिंतींत, आणि भिंतींत म्हणजे पलीकडे. सबब जें काडतूस छरे अधिक एकत्र ठेवतें तें बिऱ्हाडांत अधिक चांगलें. पसरणारा छरा म्हणजे माणसास न लागलेला छरा.

हा भिंतीचा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. १३ मार्च २०२० रोजीं मध्यरात्रीनंतर केंटकी राज्यांतील लुइव्हिल शहरीं पोलिसांनीं वॉरंट घेऊन एका बिऱ्हाडाचें दार फोडलें. आंत ब्रिओना टेलर ही २६ वर्षांची तरुणी व तिचा मित्र होता. घरांत कोणी दरोडेखोर शिरत आहेत अशा समजुतीनें त्यानें आपल्या कायदेशीर पिस्तुलांतून एक गोळी झाडली, ती एका अधिकाऱ्याच्या मांडीस लागली. पोलिसांनीं उलट ३२ गोळ्या झाडल्या आणि त्यांत ती तरुणी घरच्या बोळांतच मरण पावली. या प्रकरणावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें त्यांतील एकच गोष्ट सांगावयाची आहे. एका अधिकाऱ्यानें बाहेरून, पडदे ओढलेल्या खिडकींतून व कांचेच्या दारांतून दहा गोळ्या झाडल्या. त्यांतील कांहीं या बिऱ्हाडांतून आरपार निघून पलीकडच्या बिऱ्हाडांत गेल्या. तेथें एक गृहस्थ, त्याची गरोदर सोबतीण व पांच वर्षांचें मूल निजलेलीं होतीं. त्यांस गोळी लागली नाहीं हें त्यांचें दैव. पुढें राज्याच्या न्यायालयांत या अधिकाऱ्यावर जो खटला झाला तो टेलरच्या मृत्यूबद्दल नसून या शेजाऱ्यांस धोक्यांत घातल्याबद्दल होता. त्यांतून तो २०२२ सालीं सुटला. २०२४ सालीं संघीय न्यायालयांत टेलरच्या नागरी हक्कांच्या भंगाबद्दल दोषी ठरला. हे शिकलेसवरलेले, शपथ घेतलेले, रोज शस्त्र वागविणारे लोक होते. अर्धवट झोपेंतून उठलेल्या संगणक अभियंत्याकडून याहून अधिक काय अपेक्षावें?

दुसरें उदाहरण डॅलस शहरचें. ६ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं कामावरून परतलेली एक पोलीस अधिकारी स्त्री तिसऱ्या मजल्याऐवजीं चौथ्या मजल्यावर गेली. इमारतीचे सर्व मजले सारखे, सर्व दारें सारखीं. आपल्या समजून ती ज्या बिऱ्हाडांत शिरली तें बोथम जीन या २६ वर्षांच्या हिशेबनिसाचें होतें. अंधारांत तो दिसतांच आपल्या घरांत चोर शिरला आहे असें समजून तिनें गोळी झाडली, आणि तो आपल्याच घरांत ठार झाला. तिला २०१९ सालीं खुनाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. दिव्याचें एक बटण दाबलें असतें तर, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपल्या लोकांच्या घरीं तर हा धोका दुपटीचा. सहा सहा महिन्यांसाठीं आलेली सासू, आजोबा, शनिवारीं उतरलेला मित्रपरिवार, रात्रीं दोन वाजतां विमानतळावरून आलेला भाऊ; घरांत कोण आहे याचा हिशेब यजमानालाहि नेहमीं नसतो. वेळांच्या फरकामुळें आजी मध्यरात्रीं जागी होऊन अंधारांत चांचपडत चहा करावयास उठते, हें अमेरिकेंतील प्रत्येक मराठी घरानें अनुभवलें आहे. सबब बंदुकीस बळकट दिवा बसविलेला असावा असें जाणते लोक म्हणतात, आणि त्याहूनहि बरें म्हणजे भिंतीवरील बटण हाताशीं असावें. कोण आहे हें डोळ्यांनीं दिसल्यावांचून आणि तोंडानें हटकल्यावांचून चापाकडे बोट जाऊंच नये.

आतां प्रत्यक्ष निवड. पंपाची बंदूक, म्हणजे नळीखालील लांकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ मागेंपुढें ओढून नवें काडतूस भरावयाची, ही सर्वांत रूढ. रेमिंग्टनची ८७० ही १९५० च्या सुमारास निघाली, मॉसबर्गची ५०० त्यानंतर दहा-एक वर्षांनीं. दोहोंचे लाखोंनीं खप झाले, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती कोणीहि करतो. तिचा एक दोष सांगितला पाहिजे. घाबरलेला मनुष्य मूठ पुरती मागें ओढीत नाहीं आणि दुसरें काडतूस अडकतें. आपोआप भरणाऱ्या बंदुकींत हा दोष नाहीं व धक्काहि कमी, पण किंमत बरीच जास्त. दुनळी सर्वांत सोपी, उघडली कीं भरली आहे कीं रिकामी तें लहान मुलालाहि दिसावें. पण बार दोनच.

धक्क्याविषयीं आमच्या बांधवांनीं भिडेस पडूं नये. बाराची बंदूक खांद्यावर घोड्याच्या लाथेसारखी बसते. तिकडील दस्ते सहाफुटी पुरुषाच्या हिशेबानें चौदा इंचांच्या आसपास लांब असतात. पांच फूट दोन इंचांच्या बाईनें तो खांद्यास लावला तर हात पुढच्या मुठीपर्यंत पोंचत नाहीं, मनुष्य मागें झुकतो आणि नेम वर जातो. पुरुषानें स्वतःच्या मापानें बंदूक आणावी आणि तो दौऱ्यावर असतां ती बायकोच्या हातीं यावी, हें तर नित्याचेंच. म्हणून वीस बोअरची, बारातेरा इंचांच्या आंखूड दस्त्याची, सहा पौंडांच्या आंतबाहेर वजनाची पंपाची बंदूक आम्ही पसंत करूं. घरांतील सर्वांत लहानखुऱ्या जाणत्या व्यक्तीस जी झेपते ती घरची बंदूक. नळी मात्र कापून आंखूड करण्याचा शहाणपणा करूं नये. १९३४ च्या संघीय कायद्यान्वयें १८ इंचांहून आंखूड नळीची किंवा एकंदर २६ इंचांहून आंखूड छऱ्यांची बंदूक खास नोंदणीवांचून जवळ असणें हा मोठा गुन्हा आहे. बंद खोलींत बार काढला तर आवाज १५० डेसिबलांच्या वर जातो, आणि १४० लाच कानास कायमची इजा होऊं शकते, हेंहि ध्यानांत ठेवावें. पाळण्यांतल्या मुलाच्या कानाचा विचार कोणी करीत नाहीं. ‘पंप ओढल्याच्या आवाजानेंच चोर पळतो’ ही म्हण दुकानांत ऐकूं येते. पळेलहि. पण ज्याच्या हातीं पिस्तूल आहे असा चोर त्या आवाजानें तुम्ही कोठें आहांत तें ओळखील.

बंदूक घरीं आली म्हणजे ती ठेवावयाची कोठें? येथें आमचा सूर थोडा कडक होईल, त्यास इलाज नाहीं. पलंगाखालीं, कपाटावर, देव्हाऱ्यामागें, ‘मुलांना ठाऊक नाहीं’ अशा जागीं ठेवलेली बंदूक मुलांस ठाऊकच असते. आंकड्यांच्या किंवा बोटाच्या ठशाच्या कुलुपाची, भिंतींतल्या लांकडास बोल्टानें पक्की केलेली लोखंडी पेटी हवी. कुलूपबंद पेटींतहि काडतुसें नळीखालच्या कोठीत असलीं तरी मुख्य नळीचें घर रिकामेंच ठेवतात. कारण या जातींतील बऱ्याच बंदुकींचा खटका केवळ चाप अडवितो, बंदूक पडली असतां बार उडणार नाहीं याची हमी देत नाहीं. पुष्कळ राज्यांत मुलाच्या हातीं लागेल अशी बंदूक ठेवणें हाच पालकाचा गुन्हा ठरतो. २०२० सालीं अमेरिकेंत एक ते एकोणीस वर्षें वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीनें मोटार अपघातांस मागें टाकलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आणि धोका बाहेरच्या चोराचाच असतो असेंहि नाहीं. २०२३ सालीं त्या देशांत बंदुकीनें सुमारें ४६,७०० माणसें मेलीं. त्यांतील सुमारें २७,३०० आत्मघातानें. १९९३ सालीं डॉ. केलरमन व त्यांचे सहकारी यांनीं तीन काउंट्यांतील घरांत घडलेल्या खुनांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत बंदूक असलेल्या घरांत खुनाचा संभव २.७ पट दिसला. या पाहणीवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, आणि बंदुकीमुळें धोका कीं धोक्यामुळें बंदूक, हा त्यांतील मुख्य आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आत्मघाताच्या आंकड्यांवर तसा वाद नाहीं. ज्या पोराची नोकरी सुटली आहे, व्हिसाच्या नियमानें साठ दिवसांत दुसरी मिळाली नाहीं तर ज्यास देश सोडावा लागेल, घरीं आईबापांस हें सांगण्याची ज्यास लाज वाटते, त्याच्या एकट्याच्या खोलींत भरलेली बंदूक असणें आम्हांस चोराहून अधिक भयावह वाटतें. तो वाईट तास टळला कीं बहुतेक मनुष्य पुन्हां त्या वाटेस जात नाहीं. बंदूक तेवढा तास देत नाहीं. अशा घरीं ती नको, असलीच तर घराबाहेर विश्वासू ठिकाणीं हलवावी, आणि आईबापांनीं तें फोनवर स्पष्ट शब्दांत विचारावें. विचारल्यानें वाईट विचार सुचतो ही समजूत खोटी आहे.

कायद्याची एक गोष्ट तर आपल्या घरांतून फारशी कोणास ठाऊक नसते. नागरिक व ग्रीन कार्ड मिळालेले कायम रहिवासी यांस बंदूक घेतां येते. परंतु नोकरीच्या एच-वन-बी, विद्यार्थ्यांच्या एफ-वन किंवा पाहुण्यांच्या व्हिसावर असलेल्यांस संघीय कायद्यानें ती विकत घेणें तर राहोच, जवळ बाळगणेंहि सामान्यतः मना आहे. कोणत्याहि राज्याचा शिकारीचा रीतसर परवाना असणें हा त्यास एक मुख्य अपवाद. विकत घेतांना ४४७३ नंबरच्या फॉर्मवर हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, आणि त्यावर खोटें उत्तर दिलें तर तो वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डासाठीं वर्षानुवर्षें रांगेंत उभें राहणाऱ्या मुलानें मित्राची बंदूक आपल्या कपाटांत ठेवून घेणें म्हणजे सर्व आयुष्य पणास लावणें होय. नातवंडें सांभाळावयास गेलेल्या आजोबांसहि जांवयानें पेटीचे आंकडे सांगूं नयेत. याखेरीज राज्याराज्यांचे नियम निराळे: न्यू जर्सींत आधीं खरेदीचें ओळखपत्र, इलिनॉयमध्यें १९६८ पासून कार्ड, न्यू यॉर्क शहरांत लांब बंदुकीसहि परवाना. भाडेपट्ट्यांतील कलमेंहि वाचावीं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवान्यावांचून बंदूक ठेवतांच येत नाहीं, त्यामुळें पुण्याच्या सदनिकेंत हा प्रश्न बहुधा उद्भवत नाहीं.

आतां समजा, हें सर्व पाहून, विचार करून एखाद्या घरानें बंदूक घेतलीच. मग एका रविवारीं दुपारीं नवराबायकोनें कागदावर बिऱ्हाडाचा नकाशा काढावा. मुलें कोठें निजतात, आजी कोठें, शेजाऱ्याची निजण्याची खोली कोणत्या अंगास, समोरचें दार कोठें, वर व खालीं कोण राहतें तें मांडावें. मग प्रत्येक कोपऱ्यांतून दाराकडे रेघ ओढून ती कोठें जाऊन संपते तें पाहावें. बहुतेक रेघा कोणाच्या तरी उशाशीं संपतात. मुख्य दारावरची रेघ बोळ ओलांडून समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर जाते, म्हणून दारांतून बाहेर बार काढणें सर्वथा वर्ज्य. एखादी रेघ बाहेरच्या विटांच्या भिंतीवर, लिफ्टच्या काँक्रीटवर, किंवा निदान गच्च भरलेल्या पुस्तकांच्या कपाटावर संपते. तीच घराची जागा. रात्रीं खटका झाला तर मुलें व म्हातारीं माणसें घेऊन सर्वांनीं त्या खोलींत यावें, दार लावावें, ९११ ला फोन करून तो कानास तसाच धरावा, पत्ता व घरांत बंदूक आहे हें दोन्ही सांगावें, आणि पोलीस आंत येतांना ती हातांत नसावी. चोर शोधीत बोळांतून फिरूं नये. दूरदर्शनसंच नेला तर नेऊं द्यावा, विमा आहे. बऱ्याच राज्यांत स्वतःच्या घरांत शिरलेल्या हल्लेखोरास अडविणाऱ्यास कायदा पाठीशीं घालतो, पण सामाईक जिन्यांत व बोळांत तें संरक्षण मिळेलच असें नाहीं. आणि मालमत्तेपायीं जीव घेणें तर कोठेंच फारसें चालत नाहीं.

या साऱ्यांत कमींत कमी खर्चाची व अधिकांत अधिक उपयोगाची वस्तु बंदुकीच्या दुकानांत मिळतच नाहीं. तिकडील बिऱ्हाडांच्या दारास कुलूप बळकट असतें, पण कुलुपाची जीभ ज्या लोखंडी पट्टींत शिरते ती पट्टी पुष्कळदां पाऊण इंचाच्या स्क्रूंनीं चौकटीच्या मऊ लांकडास लावलेली असते. एका लाथेंत कुलूप शाबूत राहून चौकट फुटते. ते स्क्रू काढून तीन इंचांचे बसविले म्हणजे ते चौकट ओलांडून भिंतींतल्या उभ्या लांकडांत जातात, आणि बिजागऱ्यांचेहि एकेक बदलावे. खर्च कांहीं डॉलर, काम अर्ध्या तासाचें. त्या दारावर लाथा बसूं लागल्या तर सर्व मंडळी जागी होऊन त्या एका खोलींत जमेपर्यंतचा वेळ यानें मिळतो. भाड्याच्या घरांत हें करण्यापूर्वीं मालकास विचारावें. सहसा तो नाहीं म्हणत नाहीं, कारण चौकट त्याचीच असते.